मोरारजींचा जमाखर्च : खानदेशच्या खातेवहीतून

मोरारजी देसाई हे नाव मराठी माणसासमोर घेतले की दोनच गोष्टी ऐकू येतात. पहिली, फ्लोरा फाउंटनचा गोळीबार आणि १०५ हुतात्मे. दुसरी, बहुधा थट्टेच्या सुरात, त्यांच्या आहाराविहाराचे विक्षिप्त नियम. गुजरातेत आणि दिल्लीच्या राजकीय आठवणींत मात्र वेगळे मोरारजी भेटतात. तिथे ते निःस्पृह, काटेकोर, शब्दाला जागणारे आणि पंतप्रधानपद दोनदा हुकल्यावर ८१ व्या वर्षी ते मिळवणारे गांधीवादी आहेत. ही दोन्ही चित्रे आपापल्या जागी खरी आहेत. तरीही ज्या माणसाने जवळजवळ दहा वर्षे आधी गृह व महसूलमंत्री आणि मग मुख्यमंत्री म्हणून मुंबई राज्य चालवले, त्याच्या कारभाराचा हिशेब एवढ्यावर पुरा होत नाही.

हा हिशेब मुंबईच्या किंवा पुण्याच्या वहीतून बऱ्याच वेळा मांडला गेला आहे. येथे तो खानदेशच्या वहीतून मांडायचा आहे. पूर्व खानदेश म्हणजे आजचा जळगाव जिल्हा आणि पश्चिम खानदेश म्हणजे आजचे धुळे व नंदुरबार हे जिल्हे. हा मुलूख निवडण्याचे कारण केवळ जन्मभूमीचे प्रेम नव्हे. मोरारजींच्या राजवटीचे तीन मोठे विषय होते, जमीन, दारू आणि भाषा. हे तिन्ही एकाच ठिकाणी एकमेकांवर आदळले असतील तर ते तापीच्या खोऱ्यात आणि सातपुड्याच्या पायथ्याशी. एका बाजूला कापसाची काळी जमीन आणि सावकारपेठा, दुसऱ्या बाजूला भिल्ल, पावरा, कोकणा यांच्या वस्त्या आणि पश्चिमेला गुजरात. कायद्याच्या परीक्षेला याहून योग्य जागा मुंबई राज्यात क्वचितच असेल.

फाइलीतून आलेला पुढारी

मोरारजींचा जन्म २९ फेब्रुवारी १८९६ चा, बलसाडजवळच्या भदेलीचा. विल्सन कॉलेजातून पदवी घेऊन ते १९१८ साली सरकारी नोकरीत शिरले आणि बारा वर्षे डेप्युटी कलेक्टर राहिले. १९३० साली नोकरी सोडून ते सविनय कायदेभंगात उतरले. हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. त्या पिढीतले बहुतेक काँग्रेस पुढारी वकिलीतून, शिक्षकीतून किंवा वर्तमानपत्रांतून आले. मोरारजी कचेरीतून आले. खादी अंगावर चढली, पण नियम आधी आणि माणूस नंतर ही कचेरीची सवय सुटली नाही. या सवयीतच त्यांची ताकद होती आणि तीच त्यांना पुढे नडली.

१९३७ च्या बाळासाहेब खेर मंत्रिमंडळात ते महसूलमंत्री होते. १९४६ साली खेर पुन्हा आले तेव्हा मोरारजींकडे गृह आणि महसूल अशी दोन्ही खाती आली. गावपातळीवर या दोन खात्यांचा अर्थ सरळ आहे. एका खात्याचा माणूस तलाठी, दुसऱ्याचा फौजदार. खेड्यातल्या माणसाला सरकार म्हणून जे काही दिसे ते जवळपास सगळे मोरारजींच्या हाताखाली होते.

१९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत काँग्रेसला मुंबई राज्यात बहुमत मिळाले, पण खुद्द मोरारजी आपल्या मतदारसंघात अवघ्या १९ मतांनी पडले. तरीही काँग्रेस विधिमंडळ पक्षाने त्यांनाच नेता निवडले, २१ एप्रिल १९५२ रोजी ते मुख्यमंत्री झाले आणि नंतर पोटनिवडणुकीतून विधानसभेत आले. मतदारांनी नाकारलेला माणूस राज्याचा प्रमुख होऊ शकतो का, हा वाद तेव्हाच झाला. घटनेच्या दृष्टीने त्यात काही गैर नव्हते. पण लोकांच्या मनाच्या कौलापेक्षा पक्षाचा ठराव आणि नियमाचे कलम मोरारजींना पुरेसे वाटते, हे तेव्हापासून दिसू लागले.

त्यांना परंपरावादी म्हणतात ते कशाच्या आधारावर? दारूबंदी, जुगार व बक्षीस-स्पर्धांवर निर्बंध, इंग्रजी माध्यमाच्या शाळांत इतर मुलांना प्रवेश देण्यास मनाई करणारा जानेवारी १९५४ चा आदेश (तो पुढे सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवला), काटकसर, खासगी उद्योगाला मोकळीक आणि समाजवादी नियोजनाबद्दल साशंकता ही सगळी त्याच प्रकृतीची लक्षणे. तरीही या माणसाच्या महसूलखात्याने जमिनीबाबत जे कायदे केले ते त्या काळच्या भारतातल्या सर्वांत पुढारलेल्या कायद्यांत गणले गेले. हा विरोधाभास समजून घेतल्याशिवाय मोरारजी कळत नाहीत.

कूळ, सालदार आणि सातबारा

डिसेंबर १९३६ चे काँग्रेस अधिवेशन फैजपूरला भरले. खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन. शेतीविषयक कार्यक्रमाचा ठराव तेथे झाला. फैजपूर पूर्व खानदेशातले. साने गुरुजींनी त्या अधिवेशनासाठी गावोगाव केलेले काम आणि पुढे अमळनेरहून काढलेले ‘काँग्रेस’ साप्ताहिक यांतून शेतकरी-कामकरी प्रश्नाचा सूर या जिल्ह्यात चांगलाच रुजला. त्यामुळे कसणाऱ्याला जमीन मिळावी ही मागणी येथे परकी नव्हती.

मोरारजी महसूलमंत्री असताना १९४७ साली तुकडेबंदी व तुकडेजोडीचा कायदा आला. १९४८ साली मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन कायदा आला. परगणा व कुलकर्णी वतने, खोती, वैयक्तिक इनामे यांच्या निर्मूलनाचे कायदे १९४९ ते १९५२ या काळात झाले. मुख्यमंत्रिपदाच्या अखेरीस, मालेगावचे भाऊसाहेब हिरे महसूलमंत्री असताना, कुळकायद्याला मोठी दुरुस्ती झाली. तिच्यामुळे १ एप्रिल १९५७ या दिवशी कूळ जमिनीचा मालक झाल्याचे मानले जाणार होते. किंमत शेतसाऱ्याच्या २० ते २०० पटीत ठरायची आणि हप्त्यांनी फेडायची. कागदावर ही क्रांतीच होती आणि राज्याच्या कित्येक भागांत कुळांच्या नावाने सातबारे झालेही. हे श्रेय नाकारणे अन्यायाचे होईल.

आता कलमे बारकाईने वाचू. कायद्याने कूळ कोणाला मानले? दुसऱ्याची जमीन कायदेशीरपणे कसणारा तो कूळ. पण त्याला अपवाद होते. मालकाच्या कुटुंबातला माणूस कूळ नाही, आणि रोख किंवा धान्याच्या मजुरीवर ठेवलेला नोकरही कूळ नाही. खानदेशात या दुसऱ्या अपवादाला एक नाव आहे, सालदार. अक्षय्यतृतीयेला, म्हणजे आपल्या आखाजीला, वर्षभराचा करार करून मालकाच्या शेतात राबणारा माणूस. नांगरणी त्याची, पेरणी त्याची, राखण त्याची, रात्री खळ्यावर झोपणेही त्याचे. पण पिकात त्याचा वाटा नाही, म्हणून कायद्याच्या नजरेत तो जमीन कसत नाही. शहादा-तळोदा भागातल्या भिल्ल सालदाराला १ एप्रिल १९५७ ची सकाळ इतर कोणत्याही सकाळीसारखीच होती.

दुसरी फट अशी. मालकाला स्वतः कसण्यासाठी जमीन परत मागण्याची मुभा १९५६ अखेरपर्यंत होती, आणि कुळाने ‘राजीखुशीने’ जमीन सोडली तर हरकत नव्हती. वि. म. दांडेकर आणि गो. ज. खुदानपूर यांनी गोखले अर्थशास्त्र संस्थेतर्फे या कायद्याच्या अंमलबजावणीची पाहणी केली, ती १९५७ साली प्रसिद्ध झाली. कायदा लागू असतानाही कुळांनी जमिनी सोडण्याचे आणि मालकांनी त्या परत घेण्याचे प्रमाण मोठे होते, आणि अंमलबजावणीची इच्छाच दिसत नव्हती, असा तिचा निष्कर्ष होता. गावातल्या पाटलाच्या ओसरीवर बसून दिलेल्या राजीखुशीची किंमत काय असते, हे सांगायला पाहणीची गरज नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत बोचरी आहे आणि तिच्याकडे फार कमी लक्ष गेले आहे. १९७१ साली शहादा तालुक्यात आदिवासींचे जमिनीचे आंदोलन पेटले. अंबरसिंग सुरतवंती या आदिवासी कार्यकर्त्याने ते उभे केले, पुढे श्रमिक संघटना तयार झाली. कर्जापायी, खोट्या कागदांपायी गेलेल्या जमिनी परत मिळाव्यात ही मागणी होती. त्या आंदोलनाच्या आणि तशाच इतर हालचालींच्या दबावाने आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा १९७४ चा कायदा झाला. त्या कायद्याने कोणत्या काळातली हस्तांतरे तपासायची ठरवली? १ एप्रिल १९५७ पासून ६ जुलै १९७४ पर्यंतची. सुरुवातीची तारीख ओळखीची आहे ना? तोच कुळांच्या मालकीचा दिवस. आणि ज्या जमिनी बिगरआदिवासींनी कुळकायद्याखाली ‘खरेदी केल्याचे मानले गेले’, त्याही या कायद्याच्या कक्षेत घेतल्या गेल्या.

याचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा. नाव भिल्लाचे, ताबा सावकाराचा, अशा जमिनीत कूळ कोण ठरणार? कर्जापोटी जमीन वाहणारा सावकारच. जो कायदा कसणाऱ्याला मालक करण्यासाठी आला, त्याने काही ठिकाणी मालकालाच बेदखल करून धनको मालक केला. हे मोरारजींनी इच्छिले होते असे कोणी म्हणणार नाही. पण कायदा सातबाऱ्यावर विश्वासतो, आणि सातबारा कोण लिहितो हा प्रश्न त्यांच्या राजवटीने विचारला नाही.

मोहाचे फूल

दारूबंदी ही मोरारजींची श्रद्धा होती. मुंबई दारूबंदी कायदा १९४९ चा आणि ६ एप्रिल १९५० पासून राज्यभर पूर्ण दारूबंदी. त्यामुळे अबकारीचे मोठे उत्पन्न बुडाले, विक्रीकराकडे सरकारला अधिक वळावे लागले, पण मोरारजींनी माघार घेतली नाही. बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५१ साली कायद्याचा बराचसा भाग उचलून धरला, औषधी व प्रसाधनाच्या वस्तूंबाबतची काही कलमे मात्र रद्द केली.

सातपुड्यात दारू म्हणजे मोह. फूल वेचायचे, वाळवायचे, भाकरीबरोबर खायचे, गुराला घालायचे आणि उरले तर भट्टी लावायची. देवाला धार पाडायची तीही मोहाची. ब्रिटिशांनीही या फुलावर नजर ठेवली होती, त्यासाठी १८९२ साली वेगळा कायदाच केला होता. दारूबंदी कायद्यानेही मोहफुलांच्या साठ्यावर आणि वाहतुकीवर बंधने ठेवली. म्हणजे दुष्काळात पोट भरणारे फूल घरात किती ठेवावे हे विचारण्याचा हक्क फौजदाराला मिळाला.

येथे उलट बाजूही मांडली पाहिजे, कारण ती या मुलखातलीच आहे. दारू सोडण्याचा विचार आदिवासींना बाहेरून शिकवावा लागला नाही. १९२२ साली दक्षिण गुजरातेतून खानदेशापर्यंत पसरलेल्या ‘देवी’च्या चळवळीत गावेच्या गावे दारू सोडत होती. दारूविक्रेत्या पारशी ठेकेदारांच्या कर्जातून सुटण्याची वाटही त्यात होती. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात तळोदा भागात गुलाम महाराजांनी आपश्री धर्म सांगितला, आरतीसाठी हजारोंनी लोक जमू लागले, दारू-मांस सोडू लागले, आणि एकमेकांना ‘आप’ म्हणू लागले. एरवी ‘अरे-तुरे’च ऐकायची सवय असलेल्या माणसांनी परस्परांना आदरार्थी हाक मारणे ही छोटी गोष्ट नव्हती. १९३८ साली गुलाम महाराज गेले, त्यांचे बंधू रामदास महाराजांनी ते काम पुढे चालवले.

मग मोरारजींच्या दारूबंदीने यापेक्षा वेगळे काय केले? दारू सोडण्याचा तोच निश्चय तिने पोलिसाच्या हाती दिला. आपश्री धर्मात दारू सोडणारा माणूस उंच होत होता. दारूबंदी कायद्यात दारू गाळणारा आरोपी होत होता. एकाच उद्दिष्टाकडे जाणाऱ्या या दोन वाटा. पहिलीत लोकांचा मान वाढला, दुसरीत हप्ता वाढला. लोकांनी स्वतः घडवलेल्या सुधारणेला सरकारचा आधार देता आला असता. तो दिला गेला नाही, तिच्या जागी सरकारची सुधारणा आली. मोरारजींच्या स्वभावातली अडचण येथे जितकी स्पष्ट दिसते तितकी ती फ्लोरा फाउंटनलाही दिसत नाही.

डांगचा प्रश्न

डांगची सागाची जंगले ब्रिटिशांनी १८४२ साली भिल्ल राजांकडून पट्ट्याने घेतली. दीर्घकाळ त्यांचा कारभार खानदेशच्या कलेक्टरकडे होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो सुरतेकडे गेला. डांगी बोलीचे नाते अहिराणीशी आहे, आणि ग्रियर्सनच्या भाषा-सर्वेक्षणात खानदेशी व भिल्ली बोली एकाच खंडात येतात. १९४८ साली डांग मुंबई राज्यात आले.

मे १९४९ मध्ये खेर आणि मोरारजी डांगच्या दौऱ्यावर गेले आणि डांग गुजरातीकडे झुकते असे मत त्यांनी मांडले. मराठी बाजूने गदारोळ झाला. गावांत फिरून लोकांची बोली ऐकली नाही, असा आक्षेप घेतला गेला. १९५१ च्या जनगणनेत डांगी बोली गुजरातीखाली दाखवली गेल्याने तो आणखी वाढला. शाळांत गुजराती आली. १९६० साली द्वैभाषिकाचे दोन भाग झाले तेव्हा डांग गुजरातेत गेले. त्याच पुनर्रचना कायद्याने पश्चिम खानदेशातल्या नवापूर, नंदुरबार, अक्कलकुवा, तळोदा या तालुक्यांतली काही गावेही गुजरातेत गेली. तापीवरच्या उकाई धरणाचा विचार त्यामागे होता.

येथे न्याय करताना तोल सांभाळला पाहिजे. १९६० ची वाटणी मोरारजींनी केली नाही. तेव्हा मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण होते, मोरारजी दिल्लीत अर्थमंत्री होते. डांगचे सारे बिल मोरारजींच्या नावावर फाडणे सोपे आहे, पण ते पुरते खरे नाही. दुसरे असे की आपल्या मराठी बाजूनेही डांगी माणसाला ‘तू मराठी’ असेच सांगितले. ‘तू कोण?’ असे त्याला विचारायला दोन्हीकडचे विद्वान फारसे तयार नव्हते. मात्र दौऱ्यावर आलेल्या मंत्र्याने दोन दिवसांत बोलीचा निकाल लावावा, ही पद्धत मोरारजींची होती, आणि तिच्यामुळे खानदेशात संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीला मुंबईच्या आधीच एक जखम मिळाली होती.

गोळी आणि मत

१९५५ च्या शरदात राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल आला. वेगळा विदर्भ आणि बाकीचे द्वैभाषिक मुंबई राज्य ही त्याची शिफारस. २० नोव्हेंबरला चौपाटीवर स. का. पाटील व मोरारजी यांची सभा उधळली गेली. २१ नोव्हेंबरला विधानसभेकडे निघालेल्या मोर्चावर फ्लोरा फाउंटनजवळ गोळीबार झाला, १५ माणसे मेली. जानेवारी १९५६ मध्ये मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा झाली आणि पुन्हा अनेक दिवस गोळी चालली. चळवळीतल्या एकूण हुतात्म्यांची संख्या १०५ म्हणून मराठी मनात कोरली गेली.

कायदा व सुव्यवस्था राखणे हे सरकारचे कामच होते, असे मोरारजींचे समर्थक म्हणतात. ते मराठीद्वेष्टे नव्हते याचा पुरावाही आहे. ऑगस्ट १९५६ मध्ये महागुजरातच्या मागणीसाठी अहमदाबादेत विद्यार्थी उतरले तेव्हा त्यांच्यावरही गोळी चालली. मोरारजी आपल्याच माणसांना समजवायला अहमदाबादला गेले, उपोषणाला बसले, आणि इंदुलाल याज्ञिकांच्या बाजूच्या लोकांनी ‘जनता कर्फ्यू’ पाळून त्यांची सभा ओस पाडली. म्हणजे दोन्ही भाषांच्या लोकांना त्यांनी एकच उत्तर दिले. हा नि:पक्षपातीपणा मान्य करू. पण दोन्ही भाषांच्या लोकांनी त्यांना एकच निकाल दिला, हेही मान्य करायला हवे.

मोठ्या द्वैभाषिकाचा नेता निवडायची वेळ आली तेव्हा बिनविरोध निवड झाली तरच राहीन, ही मोरारजींची अट होती. भाऊसाहेब हिरे लढायला उभे राहिले. मोरारजी बाजूला झाले, चव्हाणांनी हिरे यांचा ३३३ विरुद्ध १११ मतांनी पराभव केला आणि मोरारजी दिल्लीला गेले. स्पर्धा न करता सर्वांनी स्वीकारावे, ही अपेक्षा पुढेही त्यांना सोडून गेली नाही.

१९५७ च्या निवडणुकीत खानदेशने आपला कौल दिला. पूर्व खानदेशातून नौशेर भरुचा हे मुंबईचे पारशी वकील लोकसभेवर गेले. धुळ्यातून जनसंघाचे उत्तमराव पाटील निवडून आले. त्या लोकसभेत जनसंघाचे एकूण चारच खासदार होते, त्यांतले हे एक. पश्चिम खानदेशच्या राखीव जागेवर प्रजासमाजवादी लक्ष्मण वेडू वळवी आले. एक पारशी, एक जनसंघी, एक समाजवादी आदिवासी! भाषिक अस्मितेच्या लाटेत निवडून आलेली ही नावे पाहिली की ती लाट नुसती भाषेची नव्हती हे कळते. आमचे न विचारता आमच्यासाठी ठरवू नका, हा तिचा गाभा होता.

दिल्लीची वाट

मोरारजींनी पंतप्रधानपदाची इच्छा कधी लपवली नाही, आणि ते त्यांच्या प्रामाणिकपणाला धरूनच होते. १९५८ पासून ते अर्थमंत्री. जानेवारी १९६३ मध्ये त्यांनी सुवर्ण नियंत्रण आणले, १४ कॅरेटपेक्षा शुद्ध सोन्याचे नवे दागिने घडवण्यास बंदी केली. चीनच्या युद्धानंतर परकीय चलन वाचवणे, सोन्याची चोरटी आयात थांबवणे हा हेतू होता. जळगाव ही सोन्याची पेठ. येथे घरटी सोनारकाम करणाऱ्या आळ्या होत्या. दारूबंदीत जे सातपुड्यात घडले, तेच आता सराफकट्ट्यावर घडले. एका व्यसनावर उपाय म्हणून कारागिराच्या हातचे काम गेले आणि व्यवहार अंधारात गेला. हा कायदा पुढे मोरारजी पुन्हा अर्थमंत्री असताना १९६८ साली पक्का झाला आणि १९९० साली रद्द झाला.

१९६३ साली कामराज योजनेखाली मोरारजी मंत्रिमंडळाबाहेर पडले. १९६४ साली नेहरूंनंतर कामराजांनी सर्वांचा कल घेऊन लालबहादूर शास्त्रींचे नाव पुढे केले. जानेवारी १९६६ मध्ये शास्त्रींनंतर मोरारजींनी मतदानाचा आग्रह धरला आणि इंदिरा गांधींनी त्यांना ३५५ विरुद्ध १६९ मतांनी हरवले. राज्यांतले बहुतेक मुख्यमंत्री इंदिराजींमागे होते, चव्हाणही त्यांच्याच बाजूला होते. ज्या राज्यावर मोरारजींनी सर्वांत जास्त काळ राज्य केले त्यातला मोठा भाग आता महाराष्ट्र होता, आणि तिथला प्रमुख नेता त्यांच्यासोबत नव्हता. राज्याच्या कारभाराची उधारी दिल्लीत अशी वसूल होते. १९६७ साली उपपंतप्रधानपद मिळाले, १९६९ साली अर्थखाते काढून घेतले गेले आणि पक्ष फुटला.

१९७७ साली चक्र फिरले. आणीबाणीत तुरुंगात काढलेल्या मोरारजींना जनता पक्षाने २४ मार्चला पंतप्रधान केले. खानदेशचा निकाल पुन्हा बोलका होता. जळगाव आणि एरंडोल जनता पक्षाकडे गेले; एरंडोलचे सोनूसिंग पाटील मोरारजींच्या मंत्रिमंडळात गृहराज्यमंत्री झाले. १९५७ साली मोरारजींच्या काँग्रेसविरुद्ध निवडून आलेले उत्तमराव पाटील १९७८ च्या पुलोद सरकारात महसूलमंत्री झाले. पण धुळे आणि नंदुरबार काँग्रेसकडेच राहिले. कापूस-केळीच्या पट्ट्याने आणीबाणी लक्षात ठेवली आणि मोरारजींना माफ केले. आदिवासी पट्ट्याने तसे केले नाही. त्याची कारणे अनेक असतील. १९७४ चा जमीन-परतीचा कायदा तेव्हा ताजा होता, हे त्यांतले एक असावे असे मला वाटते.

पंतप्रधान मोरारजींनी आणीबाणीतल्या घटनादुरुस्तीचे बरेचसे नुकसान ४४ व्या दुरुस्तीने भरून काढले. त्याच दुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून गेला, म्हणजे येथेही हा ‘उजवा’ माणूस जमिनीबाबत डाव्यांच्या रांगेत दिसला. मोठ्या नोटा रद्द झाल्या. देशभर दारूबंदीचा कार्यक्रम पुन्हा निघाला. आणि जुलै १९७९ मध्ये स्वतःच्याच पक्षातल्या स्पर्धेने सरकार कोसळले. १९५६ साली हिरे उभे राहिल्यावर ते बाजूला झाले होते. १९७९ साली चरणसिंग उभे राहिले तेव्हा बाजूला व्हायला दुसरे दार नव्हते.

ताळेबंद

जमेच्या बाजूला काय मांडायचे? वतने व इनामे गेली, हजारो कुळांना जमीन मिळाली, सरकारी पैशावर डाग नाही आणि आणीबाणीनंतर नागरिकांचे हक्क परत आले. नावे काय? गोळीबार, डांगचा एकतर्फी निकाल, सालदाराला वगळणारा कुळकायदा, लोकांची सुधारणा बाजूला सारणारी दारूबंदी, सोनाराची भूक. नीट पाहिले तर दोन्ही रकान्यांत एकच स्वभाव दिसतो. जो माणूस लोकांच्या नाराजीला भीत नाही, तोच वतनदारांच्या विरोधात कायदा करू शकतो. आणि जो लोकांच्या नाराजीला भीत नाही, तो ती ऐकतही नाही. मोरारजींचे गुण त्यांच्या दोषांपासून वेगळे काढून त्यांच्यावर पुतळा किंवा जोडा उगारता येत नाही.

नवापूर रेल्वे स्थानकाचा एक भाग महाराष्ट्रात आहे आणि दुसरा गुजरातेत. मुंबई राज्याचा १९४९ चा दारूबंदी कायदा दोन्ही राज्यांनी वारसा म्हणून घेतला, नावे बदलून तो आजही दोन्हीकडे आहे. एका बाजूला परवान्याच्या सवलतींनी तो सैल झाला, दुसऱ्या बाजूला घट्ट राहिला. कायदा एकच, पण फलाटाच्या एका टोकाला जे चालते ते दुसऱ्या टोकाला गुन्हा ठरते. डोंगरात मोह मात्र दोन्ही राज्यांत सारखाच गळतो.

राज्याचा कारभार पाहून दिल्लीसाठी माणूस निवडायचा, ही चर्चा आपल्याकडे दर काही वर्षांनी होते. त्या वेळी कायद्यांची यादी आणि स्वच्छ चारित्र्याचा दाखला पुढे केला जातो. दोन्ही महत्त्वाचे आहेत. खानदेशची वही त्यात एक प्रश्न घालते. त्या कायद्याच्या व्याख्येतून कोण गळाले, आणि गळालेल्याचे म्हणणे ऐकायला तो नेता कधी थांबला का? मोरारजींच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर शहाद्याच्या सालदाराने १९७१ साली दिले. तोवर मोरारजी मुंबई सोडून दिल्लीला गेल्याला पंधरा वर्षे होत आली होती.